त्रेसष्ट पाखरं

आवाज तसा काही मोठा नव्हता. बंद दारावर कुणी बोटाच्या पेराने एकदाच टकटक करावी आणि विचार बदलून निघून जावं, एवढाच. काचकाम करणारा तो माणूस बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली तेव्हा समोर काहीच नव्हतं. काचेची भिंत होती, भिंतीपलीकडे नदी होती, काचेवर त्यानेच कोरलेले पक्षी होते. मग त्याने खाली पाहिलं. त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर, फरशीवर, हिरवट पिवळं असं काहीतरी पडलं होतं. आधी त्याला वाटलं, झाडाचं कच्चं फळ पडलं असेल. उचलायला वाकला आणि फळ गरम लागलं. त्याच्या हाताने ते त्याच्या आधी ओळखलं. डोक्यात शब्द यायच्या आत तळवा आपोआप वाटीसारखा झाला. अंगठ्याएवढं पाखरू होतं. डोळ्याभोवती पांढरी कड, जणू कुणी बारीक ब्रशने काढलेली, हात न थरथरता. चोचीच्या टोकाला मोहरीएवढं रक्त. मान अशी लोळत होती की ती धरायची कशी हेच त्याला कळेना.

तो आला होता दुसऱ्याच कामाला. चौथ्या काचेच्या तळाशी पाणी साठतंय, असा बागेच्या कार्यालयातून निरोप आला होता. सांध्यातलं रबर बसलंय का ते बघायचं, पाच मिनिटांचं काम. स्मारकाच्या उद्घाटनाला तीन महिने झाले होते आणि त्या दिवसानंतर तो एकदाही इकडे फिरकला नव्हता. त्या दिवशी गर्दी होती, भाषणं होती, लोक काचेला हात लावून रडत होते आणि एक-दोघांनी त्याचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "तुम्ही आमची माणसं आकाशात सोडलीत हो." तेव्हा तो नुसता मान हलवत राहिला होता. सव्वीस वर्षं त्याने दुकानांच्या दारांवर नावं, न्हाणीघरांच्या काचांवर वेलबुट्टी, दवाखान्यांच्या खिडक्यांवर 'शांतता राखा' असं कोरलं होतं. असं वाक्य त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

"द्या इकडे, दादा."

बाग झाडणारी मावशी बाजूला येऊन उभी होती. हातात झाडू, कमरेला कागदी पिशव्यांची गुंडाळी खोचलेली. तिने एक पिशवी ओढली, फुंकर मारून उघडली आणि त्याच्यासमोर धरली. बाजारात भाजीवाल्यासमोर धरतात तशी.

"हे आत्ता... माझ्यासमोर..." तो म्हणाला.

"आपटलं. आजचं हे दुसरं. पहिलं सकाळी बाकाखाली मिळालं."

"दुसरं म्हणजे?"

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, आणि ह्याला एवढंही ठाऊक नाही, असं. "रोजचंच आहे हे. ऊन इकडून आलं की काचेत झाडं दिसतात. ऊन नसलं की आरपार नदी दिसते. पाखराने काय करावं? झाडात शिरायला जातं आणि कपाळमोक्ष होतो. तुम्ही बाहेरगावचे दिसता."

"रोज? किती?"

"आधी मोजत होते," मावशी म्हणाली. "भिंतीवर जेवढी आहेत तेवढी झाली, त्रेसष्ट, त्या दिवशी सोडलं मोजायचं. अंगावर काटा आला माझ्या. त्याला पण आता महिना होऊन गेला."

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पहाटे येऊन, माणसं यायच्या आत फरशी स्वच्छ करायची, असं बागेच्या मुकादमाने तिला बजावलं होतं. आपल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांच्या पायाशी हे दिसायला नको. काही काही तर काचेवर पिसांचा ठसाच सोडून जातात, ती म्हणाली, पंख पसरलेला, पावडर लावल्यासारखा. तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो. "ज्याने केली ना ही भिंत, त्याला काय कळणार? तो करून गेला. मरण आपलं." पिशवीत पाखरू सोडायच्या ऐवजी त्याने खिशातून रुमाल काढला, त्यात ते गुंडाळलं आणि चौथ्या काचेच्या तळाशी वाकूनही न बघता चालायला लागला. मावशी मागून म्हणाली, "अहो दादा, नेताय कुठे ते?" पण त्याचे पाय थांबले नाहीत.

रस्त्यावर नेहमीसारखी सकाळ होती. दुकानांची शटरं वर जात होती, सिग्नलला माणसं घड्याळ बघत होती, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात, छातीला लागून, ते अजून गरम होतं. आपल्याच अंगाची ऊब असेल ही, त्याने स्वतःला समजावलं. पण पाय जड झाले होते. स्मारक दगडाचं असावं असं समितीत सगळ्यांचं मत होतं. काळा दगड, त्यावर नावं. दगडाला कुणी नावं ठेवत नाही, असं समितीचे अध्यक्ष म्हणाले होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. फेरीबोट उलटली तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे एकाच बाकावर बसलेले होते. काचकाम करणाऱ्या ह्याची बायकोही त्याच बोटीत होती. अशा त्रेसष्ट जणांची ती समिती. म्हणजे त्यांच्या मागे राहिलेल्यांची. आणि हाच, जो एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, तो उठून उभा राहिला होता. दगड नको, तो म्हणाला होता. दगडाकडे पाहिलं की दगडच दिसतो. काच करू. सात काचा, माणसापेक्षा उंच, मधे काही आहे असं वाटायलाच नको; नदी दिसली पाहिजे आरपार, आणि तिच्यावर आपली माणसं उडताना. प्रत्येकाला एक पक्षी, पंखाखाली नाव. त्याला आठवलं, आपण 'मधे काही आहे असं वाटायलाच नको' हे दोनदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला होता, आणि त्या फुटलेल्या आवाजावर सगळ्यांनी होकार दिला. मग त्याने पक्षी एकमेकांपासून दूर दूर ठेवले, मोकळे वाटावेत म्हणून. काच स्वतः घासली. डाग नाही, झाक नाही, सावलीसुद्धा धरणार नाही अशी. तिच्यावर बोट फिरवून तो म्हणाला होता, झाली. मेली कुठली झाली! त्याने सापळा तयार केला होता, आणि तोही चकचकीत पुसून.

पुलाच्या कठड्याला टेकून त्याने रुमाल उघडला. पाखराचे पाय पोटाशी आवळलेले होते, बोटं वळलेली, काहीतरी धरायला निघालेली. काडीएवढे पाय, त्यांना नखं, नखांना वाक. तो बघतच राहिला. त्याने त्रेसष्ट पक्षी कोरले होते आणि त्यातल्या एकालाही पाय नव्हते. पंख पसरलेले, मान उंच, शेपूट जरा वळलेली. चार आकृत्या काढल्या होत्या, त्याच आलटून पालटून, उलटसुलट करून लावल्या. कुठला पक्षी, असं त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही. उडणाऱ्याला पाय कशाला! आणि मग एकदम, पुलावर, भर उजेडात, त्याला तो हॉल दिसला. शाळेचा व्यायामाचा हॉल होता तो. जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या रेघा आणि रेघांना न जुमानता ठेवलेल्या चादरी. एक परिचारक त्याला हलक्या आवाजात म्हणाला होता, "चेहरा नका बघू. पाण्यात होत्या फार वेळ." आणि पायाकडची चादर उचलली होती. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब, किंचित वाकडं. लग्न झालं तेव्हा ती म्हणायची, हे बोट लांब असलं की घरात बायकोचं चालतं. तो म्हणाला होता, हो. हीच. सही कुठे करायची? एवढंच शेवटचं बघितलं त्याने तिचं, पाय. आणि काचेवर तिला कोरायला बसला तेव्हा तेवढेच नेमके गाळले.

घरी सासूबाई होत्या. त्या आता त्याच्याकडेच असत. बायकोचं तेरावं झालं आणि बाकीचे नातेवाईक आपापल्या घरी गेले, तेव्हा ह्या दोघांना कुणी विचारलंच नाही की तुमचं काय. तो एका खोलीत, त्या एका खोलीत, आणि मधे जी दोघांचीही होती ती नाही. दुरून बघणाऱ्यांना मोठं विचित्र वाटे. सासूबाई त्याला 'जावईबापू' म्हणत, अर्धं मानाने, अर्धं चिडवायला. दोन्ही डोळ्यांनी त्यांना जवळजवळ सोडलं होतं. "डोळ्यांनी सोडलं, जावयाने अजून नाही," असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या.

"लवकर आलात," त्या म्हणाल्या. "आणि पाय ओढत आलात. काय झालं?"

त्याने रुमाल त्यांच्या ओंजळीत ठेवला. सांगायचं कसं हे सुचलं नाही म्हणून. त्यांची बोटं आधी बिचकली, मग पिसांवरून गेली, चोचीवर थांबली, मानेखाली गेली. गव्हातला खडा शोधावा तशी.

"कुणी मारलं?"

"काचेने," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. मावशी, पिशव्या, त्रेसष्टचा आकडा. सांगताना त्याला स्वतःचाच आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, आणि ओंजळ मात्र तशीच, जराही न हलता.

"माझ्या पोरीच्या नावावर?" शेवटी त्या म्हणाल्या. "तिच्या नावावर डोकं आपटून मरतात ही?"

"मला माहीत नव्हतं, आई."

"नव्हतं. आता झालं." त्यांनी रुमालाच्या कडा आत दुमडल्या, बाळाच्या दुपट्याच्या दुमडतात तशा. "आता माहीत झाल्यावर काय करणार ते सांगा."

काय करायचं ते त्याला दोन दिवसांत कळलं. ते अवघड नव्हतंच. काचेवर चार चार बोटांवर ठिपके हवेत, वरपासून खालपर्यंत, एक तळहातसुद्धा कोरी जागा न सोडता. तेवढं असलं की पाखराला कळतं, इथे काहीतरी आहे, इथून वाट नाही. म्हणजे ज्या 'काही नाही'साठी तो एवढा भांडला होता, तेच भरून टाकायचं. पण भिंत आता त्याची एकट्याची नव्हती. रविवारी वाचनालयाच्या खोलीत समिती बसली. चौदा माणसं आली. मावशीला तो स्वतः जाऊन घेऊन आला होता. ती दाराशी खुर्चीच्या टोकावर बसली होती, उठून जायच्या तयारीत.

त्याने सांगितलं तेव्हा आधी कुणालाच नीट कळलं नाही, आणि कळलं तेव्हा खोलीत कुणीतरी खिडकी बंद केल्यासारखं झालं. एक बाई, जिची आई आणि आईची बहीण दोघी बोटीत होत्या, ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आता आमच्या माणसांवर देवीचे व्रण उठल्यासारखे ठिपके काढणार? मी दर आठवड्याला जाते तिथे. तेवढी एकच जागा आहे जिथे मला श्वास घेता येतो." ती रडायला लागली. दुसरा कुणी म्हणाला, पाखरं विजेच्या तारेवरही मरतात, तारा काढतो का आपण? पोस्टमास्तर बराच वेळ टेबलावरची टाचणी एका बोटाने फिरवत होते. मग म्हणाले, "लोकांना काय सांगू मी? की आम्ही मेलेल्यांची आठवण ठेवायला म्हणून जिवंत मारतोय? हसतील. हसणार नाहीत, त्याहून वाईट. कीव करतील. थोडी आपटली असतील पाखरं. वाढवून सांगू नका."

"वाढवून कोण सांगतंय?" दाराजवळून मावशी म्हणाली. सगळ्यांनी मान वळवली तशी ती उभी राहिली आणि पदर सारखा केला. "उचलते मी. मला विचारा. काही लगेच मरत नाहीत, साहेब. काही चोच उघडी ठेवून बसून राहतात, तास तास. मी झाडू बाजूला ठेवून बसते जवळ. तेवढा वेळ पगारात धरत नाहीत, पण सोडून कसं जायचं? माझं कुणी नाही त्या भिंतीवर. पण ज्याने कुणी ती केली त्याला एक दिवस माझ्या जागी बसवा."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. त्यांना सगळ्यांनाच ठाऊक होतं, कुणी केली ते.

"मीच केली, मावशी," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. तिचं तोंड जरा उघडं राहिलं. त्या दिवशीचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून जाताना त्याला दिसलं. बाक, पिशवी, रुमाल. तिने ओरडावं असं त्याला वाटलं; ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" ती हळूच म्हणाली. "मी एवढं बोलले. तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत."

नुसतं ऐकून घेणं, सही कुठे करायची असं विचारणं, ह्यापलीकडे त्याला आयुष्यात कधी काही सुचलंच नव्हतं. पोस्टमास्तरांनी टाचणी खाली ठेवली. मतं घेतली नाहीत. मावशीला एवढंच विचारलं, "पुरता कुठे?" बागेच्या मागे, पालापाचोळ्याच्या खड्ड्याशेजारी, ती म्हणाली. "मला दाखवा," ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. दोघं जाऊन येईपर्यंत बाकीचे तसेच बसून राहिले. अर्ध्या तासाने पोस्टमास्तर परत आले, बुटांना ओली माती. तिथे रांगा आहेत, ते म्हणाले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येक पाखरावर फुटक्या कौलाचा तुकडा ठेवलाय. मग खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा काढला, आणि दोन्ही मुलगे गेल्यावरही ज्यांना कुणी सगळ्यांसमोर रडताना पाहिलं नव्हतं ते पोस्टमास्तर पालथ्या हाताने डोळे पुसत म्हणाले, "करा. लवकर करा."

नऊ दिवस लागले. भिंतीभोवती ताडपत्री लावली, कॉम्प्रेसर आणला, काचेवर भोकं पाडलेलं रबर चिकटवून नळीने वाळूचा मारा करायचा, रबर सोलायचं, पुढे सरकायचं. पक्ष्यांना त्याने हात लावला नाही. त्यांच्या भोवतीची जागा भरत गेला. पुढे पाखरं मरायची जवळजवळ थांबली. जवळजवळच, कारण महिन्यातून एखादं अजूनही येतंच, आणि मावशी त्याला निरोप धाडते, आणि तो जातो. त्या रडलेल्या बाई अजून येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा ठिपके बघून परत गेल्या, दुसऱ्यांदा बाकावर बसल्या. पण हे सगळं नंतरचं. पाचव्या काचेच्या दिवशी सासूबाई बागेत आल्या. मावशीने त्यांना हाताला धरून ताडपत्रीच्या आत आणून स्टुलावर बसवलं. पाचव्या काचेवर त्यांच्या मुलीचं नाव होतं.

तो तोंडावरचा मास्क खाली ओढून उभा राहिला. कॉम्प्रेसर बंद केल्यावर कानात जी एक पोकळी राहते, त्या पोकळीत त्याने ते म्हटलं. दोन वर्षं जे जिभेच्या मुळाशी होतं, ते एखादं जुजबी वाक्य म्हणावं तसं बाहेर पडलं.

"आई, ती त्या दिवशी म्हणाली होती, स्कूटरवरून पुलाने सोडा. माझी एक काच अर्धी राहिली होती. मी म्हटलं, फेरीने जा. मी पाठवलं तिला."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तिने फोन केला होता मला. बोटीतून." त्या काचेच्या दिशेने बोलत होत्या, दिसत नसलं तरी तोंड तिकडेच. "तुमच्याबद्दल कुरकुर केली थोडी. म्हणाली, तुझ्या जावयाला माझ्यापेक्षा काच प्यारी. पण रागात नव्हती हो. हसत होती. शेजारी एक बाई होती, तिला उलटी होत होती म्हणून तिचं बाळ हिने घेतलं होतं मांडीवर. नऊ महिन्यांचं. ते हिच्या कानातलं ओढत होतं, म्हणून मधेच ओरडली, आई गं."

नऊ महिन्यांचं बाळ दुसऱ्या काचेवर होतं, वरच्या कोपऱ्यात. जागा उरली तिथे त्याने ते बसवलं होतं. त्याच्या हातातली नळी खाली घसरली. आतली उरलेली वाळू बुटावर सांडत राहिली आणि ती थांबवायला हवी हे त्याला कळत होतं. तिच्या मांडीवर. दोन वर्षं तो तिला एकटी बुडताना बघत होता, रोज, तोंड धुताना, जेवताना. आणि ती एकटी नव्हती. हे चांगलं की अधिक भयंकर, हे ठरवायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही आपले दिवसरात्र काच घासत बसलेले. आणि सांगितलं असतं तर तुम्ही तेही कोरून टाकलं असतंत. मला कुठेतरी न कोरलेली हवी होती ती." त्यांनी हात पुढे केला, हवेतच, त्याने पुढे होऊन तो धरला. धुळीने भरलेल्या त्याच्या बोटांवर त्यांची बोटं घट्ट मिटली.

"मग?" त्याने विचारलं. "पुढे काय म्हणाली?"

"पुढे काय म्हणणार? बाळ रडायला लागलं. म्हणाली, आई, ठेवते आता. उतरल्यावर करते फोन."